सत्तावीस पावलं

परत आल्यावर कॉलनीतल्या प्रत्येकीने मला एकच विचारलं, "नायगारा कसा वाटला?" नायगारा मी पाहिला नाही. तो पूर्वेला आणि मी पश्चिमेला होते, हे नकाशा काढून सांगितलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा 'मग गेलात कशाला' हा भाव काही जात नाही. तर सांगून टाकते. २००७ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने अमेरिकेत होते. पोराचं घर पाहिलं, एक बर्फाचा डोंगर पाहिला आणि सुनेला शंभर मीटर धावताना पाहिलं. त्या शंभर मीटरसाठी आम्ही दोघी साडेआठशे किलोमीटर गाडीतून गेलो आणि तेवढेच परत आलो. मला विचाराल तर पैसे वसूल.

सनीव्हेल

माझा निखिल सांता क्लाराला चिप डिझाइनच्या कंपनीत आहे आणि राहतो शेजारच्या सनीव्हेलला. त्याची बायको मोनिक अमेरिकन, कृष्णवर्णीय. लग्न ठरल्याचं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. आता लपवून काय उपयोग? तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की ती धावते, रिले, देशाच्या पथकात आहे. मी उठून पान वाढून घेतलं. नाशिकजवळच्या एका शाळेत तीस वर्षं मी पी.टी. शिकवली आहे, मुलींचे रिलेचे संघ तयार केले आहेत. देवाने सून पाठवली ती माझा विषय घेऊन, मग रुसायचं कशावर?

मोनिक इंग्रजी बोलते आणि माझं इंग्रजी शाळेच्या तपासणीपुरतं, म्हणून आमचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते. 'आयी' ही हाक मात्र तिची स्वतःची. निखिलने शंभरदा शिकवूनही 'आई' काही जमत नाही.

गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याबरोबर सरावाला गेले. जवळच्या कॉलेजचा लाल रबरी ट्रॅक होता. मी बूट काढूनच आत जाणार होते, इतका तो स्वच्छ. आमच्या मैदानावर मी पहाटे फक्कीने रेघा मारायचे आणि दुपारपर्यंत त्या शेळ्या पुसून टाकायच्या.

मोनिक रिलेत तिसरी धावते, म्हणजे दुसरीकडून बॅटन घ्यायची, वळण काढायचं आणि चौथीला द्यायची. तिने काय केलं, तर जिथे उभी राहणार तिथून मागच्या दिशेला पावलाला पाऊल लावत चालत गेली. चोवीस पावलं मोजली, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि ट्रॅकवर चिकटवला. मागून येणारीचा पाय त्या पट्टीवर पडला की हिने सुटायचं. मग मागे बघायचं नाही. "स्टिक!" अशी आरोळी आली की हात मागे करायचा आणि बॅटन हातात येणारच असं धरून चालायचं. माझ्या मुली मागे वळून बघत बॅटन घ्यायच्या. मीच तसं शिकवलं होतं, कारण मातीत पडापडी फार व्हायची.

"चोवीस कशी ठरली?" मी विचारलं.

"कॉलेजात ठरली. दहा वर्षं चोवीसच," ती म्हणाली, आणि त्यात अभिमान होता.

मग सराव सुरू झाला. मागून एक कॉलेजची मुलगी पळत येत होती. तिसऱ्या खेपेला ती मोनिकच्या अंगावरच चढली आणि तिच्या बुटाचे खिळे मोनिकच्या टाचेला लागले. रक्त आलं.

"फार जोरात आलीस तू," मोनिक म्हणाली.

"सॉरी," मुलगी म्हणाली बिचारी.

मुलगी जोरात आली नव्हती. तीस वर्षं मी पाय बघण्यातच घालवली आहेत. मोनिक सुटायला कमी पडत होती. पण मी गप्प बसले. सासू आहे, एवढं मला कळतं.

घरी येऊन टाचेला पट्टी बांधताना तिने मला सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये परदेशात मोठी स्पर्धा होती. रिलेच्या पथकात सहाजणी घेतात, पण धावतात चारच. सकाळच्या प्राथमिक फेरीत पाचवी आणि सहावी धावतात, म्हणजे पहिल्या चौघींपैकी दोघींचे पाय संध्याकाळच्या फायनलला ताजे राहतात. मोनिक २००१ पासून पथकात होती. त्या सगळ्या वर्षांत फायनलला धावली फक्त एकदा.

"मला अजून एक फायनल हवी, आयी. एकच. मग मी थांबते." ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

निवड व्हायची होती ओरेगनमधल्या युजीन गावी, तीन दिवसांच्या शिबिरात. निखिल येणार होता, पण आयत्या वेळी म्हणाला, "आई, नव्या चिपचं रिलीज आलंय यार. मॅनेजरने सगळ्यांच्या सुट्ट्या कॅन्सल केल्यात. तूच जा ना तिच्याबरोबर, ती ड्राइव्ह करेल." यार मी आहे की आई, हा वाद घालायला वेळ नव्हता. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याचे लाडू वळले आणि गुरुवारी सकाळी आम्ही निघालो.

उत्तरेकडे

मोनिक गाडी चालवताना बोलते. ट्रॅकवर घुमी, घरात घुमी, पण हातात चाक आलं की गडी सुटलाच. बाहेर दोन्ही बाजूंना सपाट शेतं, बदामाच्या बागा, भाताची खाचरं. माणूस मात्र शेतात एकही नाही. एवढा भात लावला कुणी, हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही.

ती स्टॉकटनची. आई शाळेची बस चालवायची. मोनिकला सकाळी उशीर झाला तर आई स्वतःच्या मुलीसाठीही बस थांबवायची नाही. मग ही दप्तर घेऊन बसमागे पुढच्या थांब्यापर्यंत पळायची. "आणि पकडायचीस?" "रोज नाही. नाही पकडली की शाळेपर्यंत चालत." ती बाई मला न भेटताच आवडली.

अकराव्या वर्षी पहिली शर्यत, मग धावण्यावर कॉलेजची शिष्यवृत्ती. एकटीच्या शंभर मीटरमध्ये ती कधीच देशातल्या पहिल्या तिघींत आली नाही. पण वळणावर तिच्यासारखं पळणारं कुणी नव्हतं, म्हणून रिले. सकाळी एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचं आणि दुपारी सराव. तिथेच निखिल गुडघा धरून आला होता. बॅडमिंटन खेळताना पडला होता म्हणे. माझा मुलगा खेळात पडला, हे मला लग्नानंतर तीन वर्षांनी त्या गाडीत कळलं.

"आणि ती एक फायनल?" मी विचारलं.

तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "२००३ ची. मी बॅटन पुढे केली. चौथीच्या बोटांना लागली आणि खाली पडली. पोकळ नळी असते ना, टणटणत जाते. साठ हजार माणसं असतील, पण मला तेवढाच आवाज ऐकू आला."

"चूक कुणाची?"

"व्हिडिओ शंभरदा पाहिला. कधी तिची वाटते, कधी माझी."

मी तिला लाडू दिला. शर्यतीच्या आठवड्यात ती ओटची लापशी आणि उकडलेली कोंबडी सोडून काही खात नाही, पण लाडूत फक्त शेंगदाणे आणि गूळ आहे हे दोनदा विचारून घेऊन तिने खाल्ला. मग हात पुढे करून दुसरा मागितला.

रात्री रेडिंगला मुक्काम केला. जळगावच्या मे महिन्याला लाजवेल असं ऊन. आणि दुसऱ्या दिवशी तासाभरातच समोर शास्ता पर्वत. जून महिना, गाडीत एसी लावलेला, आणि समोर अख्खा डोंगर पांढराशुभ्र. आजूबाजूला दुसरा डोंगर नाही, एकटाच बसलेला. मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून चक्क नमस्कार केला. मोनिकनेही केला. कशाला ते तिने विचारलं नाही.

ओरेगनमध्ये शिरल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. कॅलिफोर्नियात आपलं आपण भरायचं असतं, म्हणून मी उत्साहाने उतरून नळी हातात घेतली, गेल्या आठवड्यातच शिकले होते. एक म्हातारबुवा "मॅम! मॅम!" करत धावत आले. ओरेगनमध्ये गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरणं कायद्याने बंद! एकाच देशात हद्द ओलांडली की कायदा बदलतो. मी सॉरी म्हणून नळी परत दिली. बुवांनी मात्र काच पुसून दिली, अगदी आपल्याकडच्यासारखी.

युजीन

युजीनची हवा ओलसर, हिरवी, इगतपुरीच्या आसपास सप्टेंबरात असते तशी. गावात जो तो पळत असतो. नाक्यावर सिग्नलला थांबलेली माणसंसुद्धा जागच्या जागी उड्या मारत होती. बाबागाडीतलं पोर ढकलत एक बाई पळत गेली. मला तर स्वर्गात आल्यासारखं झालं.

शिबिरात दहाजणी होत्या. कोच एक उंच बाई, पांढरी टोपी, गळ्यात घड्याळ, काखेत वही. मोनिकच्या जागेसाठी टिया नावाची वीस वर्षांची पोरगी होती. तिचे पाय बघून मला मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि लगेच स्वतःचा रागही आला.

शनिवारी बॅटन बदलण्याचा सराव होता. मोनिकच्या मागून ब्रियाना नावाची मुलगी यायची होती. मोनिकने चोवीस पावलं मोजली, पट्टी लावली. पहिल्या खेपेला ब्रियाना तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिली. दुसऱ्या खेपेला तिला वेग आवरून बॅटन द्यावी लागली.

"मोनिक, तुझी खूण तपास," कोच म्हणाली.

"खूण बरोबर आहे. मी उशिरा सुटले," मोनिक म्हणाली.

कोचने वहीत काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी मोटेलच्या अंगणात लाकडी बाकावर आम्ही जेवायला बसलो. आठ वाजले तरी लख्ख ऊन होतं. मोनिक कोंबडी चिवडत होती, खात नव्हती. आता मात्र मला राहवेना. आमच्या एका संघाची बॅटन जिल्ह्याच्या सामन्यात पडली होती. आधी आठवडाभर मला दिसत होतं की रंजना सुटायला कमी पडते आहे, पण पोरगी हिरमुसेल म्हणून मी बोलले नाही. रंजना आता चाळिशीला आली. बाजारात भेटली की अजून तोच विषय काढते.

"खूण सरकव," मी म्हटलं. "तीन पावलं मागे. सत्तावीस."

तिने काटा खाली ठेवला. "का?"

"पहिल्या सहा ढांगांत तू कमी पडतेस. पुढे नाही, फक्त सुरुवातीला. म्हणून ती तुला लवकर गाठते. तू आधी सुटायला हवंस."

"ब्रियाना जोरात येते."

"सनीव्हेलची पोरगीही जोरात येत होती का?"

ती भडकली. "आयी, तुम्ही शाळेच्या मुलींना मातीत पळवलंत. हे वेगळं आहे."

लागलं मला. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं एका वाक्यात मातीत. पण मी उठले नाही.

"माती असो नाहीतर रबर, पाय तेच असतात," मी म्हटलं.

तिने ताट बाजूला सारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत आहे. मार्चपासून माहीत आहे. पण प्रत्येकीची खूण कोचच्या वहीत लिहिलेली असते. चोवीसची सत्तावीस केली म्हणजे मोनिक मंदावली, हे मी स्वतःच्या हाताने जमिनीवर चिकटवून सांगायचं? टियाच्या समोर?"

खूण सरकवली नाही तर बॅटन पडणार आणि सरकवली तर कोचला कळणार. मी तिच्या ताटात कोंबडीचा एक तुकडा वाढला, एवढंच.

रविवारची शर्यत

दहाजणींपैकी आठजणींचे दोन संघ केले होते. एकात मोनिक तिसरी, दुसऱ्यात टिया तिसरी. शिवाय दोन कॉलेजांचे संघ. मी वळणाच्या जवळ कुंपणाला धरून उभी राहिले. आजूबाजूला लोक मक्याच्या लाह्या खात होते.

मोनिक आपल्या जागेवर गेली आणि मोजत निघाली. मीही मोजत होते. चोवीसला थांबली. दाताने पट्टी तोडली, खाली वाकली. कोच दहा हातांवर उभी होती, काखेतली वही आता हातात होती. पलीकडच्या रांगेत टिया हात झटकत उभी होती.

मोनिक परत सरळ झाली. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. वाकली, पट्टी चिकटवली आणि बुटाने दाबून पक्की केली. कोचने पाहिलं. वहीत लिहिलं. मोनिकने लिहिताना तिला पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

बंदुकीचा आवाज झाला. ब्रियाना समोरच्या सरळ पट्ट्यावरून आली, सुसाट. तिचा पाय पट्टीवर पडला आणि मोनिक सुटली. मागे बघितलं नाही. "स्टिक!" हात मागे आला आणि बॅटन अशी गेली की दोघींपैकी कुणाचाही वेग केसभर कमी झाला नाही. बॅटन इतकी स्वच्छ बदललेली मी आयुष्यात पाहिलेली नाही. मग ते वळण! डावा खांदा आत झुकवून ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मी मराठीत काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. चौथीला बॅटन दिली तीही तशीच. संघ पहिला आला.

टियाचा संघ दुसरा. त्यांची बॅटन देता-घेता अडखळली होती. पण तिसरा टप्पा एकटा मोजला तर टिया मोनिकपेक्षा दोन दशांश सेकंदांनी सरस होती. कोच सगळ्यांना म्हणाली, "उद्या फोन करते."

परतीच्या वाटेवर

सोमवारी निघालो. वाटेत मी दोन किलो चेरी घेतल्या, काळ्याभोर आणि करवंदापेक्षा मोठ्या. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर खाकी कपड्यातल्या बाईने गाडी अडवून विचारलं, "फळं आहेत का?" मोनिक काही बोलायच्या आत मी शाळामास्तरणीच्या प्रामाणिकपणाने पिशवीच उचलून दाखवली. कीड राज्यात येऊ नये म्हणून काही फळं नेता येत नाहीत म्हणे. गेल्या चेरी. मोनिक कपाळाला हात लावून हसायला लागली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

तिने गाडी बाजूला घेतली, उतरली आणि पलीकडे जाऊन बोलली. मी काचेतून तिची पाठ बघत होते. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"घेतलंय," आत बसून ती म्हणाली. "सकाळसाठी. फायनलला टिया."

"माझ्यामुळे. मी सरकवायला लावली."

"कोच म्हणाली, तिने पट्टी पाहिली. म्हणूनच सकाळ मला देते आहे. सकाळी बॅटन पडली तर फायनलच नाही. आणि चोवीसवर धावले असते तर सहाजणींतही नव्हते, आयी. ते तिने सांगितलं नाही, मला माहीत आहे."

"नाही सांग तिला," मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता. "एवढी वर्षं दुसऱ्यांचे पाय ताजे ठेवलेस. पुरे झालं. नाही सांग."

"मी हो सांगितलं."

"अगं, पण तुला फायनल हवी होती!"

"अजूनही हवी आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिने पुसलेही नाहीत. तशीच गाडी सुरू केली.

तासभर गाडी पळत राहिली. शास्ता पर्वत पुन्हा समोर आला, तेव्हा तिने एकदम हमरस्ता सोडला. "कुठे?" मी विचारलं. "सत्तावीसवर मी फक्त एकदा पळाले आहे," ती म्हणाली. "पायांना सवय व्हायला हवी."

डोंगराच्या पायथ्याशी छोटं गाव आणि गावातल्या शाळेचा ट्रॅक. फाटकाला कुलूप नव्हतं, वॉचमन नव्हता, सुट्टीतलं मैदान सताड उघडं. मोनिकने बूट घातले, पिशवीतून बॅटन काढली आणि मग तिच्या लक्षात आलं की मागून यायला कुणीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी एकसष्ट वर्षांची. पंजाबी ड्रेस, पायात निखिलने घेतलेले बूट. ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"सत्तावीसचं राहू दे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी चार."

"चार? मी काय रांगत येणार आहे? दहा ठेव."

तिने दहा मोजली आणि पट्टी लावली. मी मागे जाऊन पळत आले. माझा पाय पट्टीवर पडला, ती सुटली आणि मी बॅटन पुढे धरून तिच्या मागे नुसती पळतच राहिले. बॅटन द्यायची हद्द संपली. ती पुढे जाऊन थांबली. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले, छाती भात्यासारखी हलत होती.

ती चालत परत आली. खाली बसून तिने दहावरची पट्टी काढली आणि वर माझ्याकडे बघत थांबली.

"चार," मी म्हटलं.

तिने चारवर लावली. मी पुन्हा मागे गेले. या खेपेला डोकं खाली घालून, असेल नसेल तेवढं सगळं लावून पळत आले. पट्टी गेली. पुढे तिची पाठ, वेग घेणारी. 'स्टिक' वगैरे त्या क्षणी कुठलं आठवायला. मी शाळेतल्यासारखी ओरडले, "घे!"

तो शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिचा हात मागे आला.